उत्तर आधीं, रीत मागाहून

सन १९१९ च्या मार्च महिन्याची २७ तारीख. त्या दिवशीं मुंबई बंदरांत 'नागोया' नांवाची बोट लागली आणि तिच्यांतून एकतीस वर्षांचा एक तमिळ गृहस्थ उतरला. पांच वर्षांपूर्वीं स्वदेश सोडतांना तो अंगानें भरलेला होता. परत आला तो हाडांचा सांपळा होऊन. धक्क्यावर त्याची आई व धाकटा भाऊ उभे होते. बायको मात्र आली नव्हती. "ती कोठें आहे?" हाच त्याचा आईला पहिला प्रश्न होता, असें चरित्रकार सांगतात. विलायतेच्या रॉयल सोसायटीचें सभासदत्व आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप, हे दोन्ही मान त्या वेळीं त्याच्या पदरीं होते; आणि त्याच्या आयुष्याचे अवघे तेरा महिने उरले होते.

श्रोतेहो, श्रीनिवास रामानुजन हें नांव आपणांपैकीं कोणास अपरिचित असेल असें मला वाटत नाहीं. १७२९ ह्या आंकड्याची आख्यायिका तर शाळेंतलीं मुलेंहि सांगतात; ती मी आज सांगणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें त्याच्याविषयीं जितकें, तितकेंच त्याच्या गुरूविषयीं. रामानुजनचा उल्लेख मी एकेरींत करीन, ह्याबद्दल क्षमा असावी. हुशार मुलाला एकेरींत हांक मारण्याची मास्तरकीची संवय निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं.

मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. रामानुजनच्या गणिताचीं शिखरें मीं पायथ्यावरूनच पाहिलीं आहेत. पण त्रैराशिक आणि अपूर्णांक शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि त्यांत एक गोष्ट माझ्या हातून अशी घडली कीं, रामानुजनचें चरित्र हातीं घेतलें म्हणजे ती आठवल्यावांचून राहत नाहीं. सातव्या इयत्तेंत एक मुलगा होता. उदाहरण फळ्यावर लिहून पुरें होतें न होतें तों त्याचें उत्तर तयार असे. रीत मात्र तो लिहीत नसे. विचारलें तर म्हणे, "गुरुजी, दिसलं." मीं त्याला शून्य दिलें. पुढें त्यानें नक्कल केली असावी असा आरोपहि चार मुलांदेखत केला. त्यानें माझ्यासमोर उभें राहून दुसरें उदाहरण तोंडीं सोडविलें, तरी मी माझा हेका सोडला नाहीं. वर्षअखेर तो सुरेख रीत मांडूं लागला, आणि त्याचीं उत्तरें चुकूं लागलीं. शाळेचें अथवा त्या मुलाचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. चूक माझी होती.

आतां मूळ विषयाकडे वळूं. रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजीं इरोड येथें झाला व बालपण कुंभकोणम् येथें गेलें. वडील कापडाच्या दुकानांत कारकून. घरची स्थिति ओढगस्तीची. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हातीं कार नांवाच्या एका इंग्रज शिकवणी-मास्तराचा ग्रंथ पडला. त्यांत कांहीं हजार सिद्धांत ओळीनें मांडलेले होते, आणि सिद्धता बहुधा नाहींच. असल्यास एखाद्या ओळीचा इशारा. मला वाटतें, रामानुजनच्या स्वभावाचें बरेंचसें कोडें ह्या एका पुस्तकांत आहे. मुलाला पहिलेंच जें मोठें पुस्तक मिळालें त्यानें त्याला असें शिकविलें कीं, गणित म्हणजे उत्तरांची माळ. दोरा ज्याचा त्यानें शोधावा. तो पाटीवर आंकडे मांडी, कोपरानें पुशी, आणि शेवटचें फळ तेवढें वहींत उतरवी. कागद महाग होता, हेंहि एक कारण होतेंच.

पुढचा भाग दुःखाचा आहे. कॉलेजची शिष्यवृत्ति इंग्रजींत नापास झाल्यामुळें गेली. पुढें मद्रासच्या पच्चय्यप्पा कॉलेजांतूनहि परीक्षा उतरली नाहीं. १९०९ सालीं लग्न झालें. आईबापांची आशा, घरांतील नवी सून आणि हातांत पदवी नाहीं, ह्या स्थितींत तो वह्या काखेंत मारून लोकांचे उंबरठे झिजवीत होता. १९११ सालीं त्याचा पहिला लेख 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या नियतकालिकांत आला. ह्या संस्थेचें ग्रंथालय आपल्या पुण्यास, फर्ग्युसन कॉलेजांत होतें, आणि त्या वेळीं त्या कॉलेजचे प्राचार्य होते रँग्लर परांजपे. केंब्रिजची परीक्षा तिच्याच नियमांनीं जिंकून १८९९ सालीं सीनियर रँग्लर झालेला आपला कोंकणचा विद्वान एकीकडे, आणि परीक्षा म्हटली कीं पाय अडखळणारा हा कुंभकोणचा मुलगा दुसरीकडे. दोघांचीं नांवें एका संस्थेच्या इतिहासांत शेजारीं यावींत, ही मौजेची गोष्ट आहे.

१९१२ च्या मार्चपासून तो मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांवर हिशेब लिहूं लागला. तेथूनच १६ जानेवारी १९१३ रोजीं त्यानें केंब्रिजच्या जी. एच. हार्डी ह्यांना पत्र धाडलें. सोबत शंभराहून अधिक सूत्रें होतीं. सिद्धता एकाचीहि नव्हती.

हार्डी हे कसे गृहस्थ होते, हें येथें सांगितलें पाहिजे. वय ३५, पक्के नास्तिक, क्रिकेटचे वेडे, आणि गणितांत सिद्धतेचे कडवे उपासक. इंग्लंडांतील गणिताला युरोपांतल्यासारखी तर्कशुद्ध शिस्त लावण्यासाठीं त्यांनीं कंबर कसली होती. असल्या माणसाच्या मेजावर हीं सूत्रें येऊन पडलीं! प्रथम त्यांना ती लबाडी वाटली. मग संध्याकाळीं त्यांनीं आपले सहकारी लिटलवुड ह्यांना बसवून घेतलें, आणि मध्यरात्रीच्या आंत दोघांचेंहि मत ठरलें. कांहीं सूत्रें जुनीं होतीं, कांहीं सिद्ध करतां येण्यासारखीं होतीं. पण कांहीं अशीं होतीं कीं तीं कोठून आलीं असावींत हेंच कळेना. हार्डींचा निर्वाळा असा कीं, हीं खरींच असलीं पाहिजेत. कारण खोटीं असतीं तर तीं नुसतीं कल्पून काढण्याइतकी प्रतिभा कोणाजवळ असणें शक्य नव्हतें. ह्या एका निर्णयासाठीं मी हार्डींना मोठा गुरु मानतों. सिद्धतेवांचून एक पाऊल न टाकणाऱ्या ह्या माणसानें त्या रात्रीं सिद्धता नसतांना विश्वास टाकला.

तरी उत्तर पाठवितांना त्यांनीं सिद्धता मागितल्याच. त्यावर रामानुजननें २७ फेब्रुवारीस जें उत्तर धाडलें त्याचा आशय मोठा करुण आहे. माझी रीत सांगितली तर आपणहि मला वेड्यांत काढाल. मला सध्यां पाहिजे तें इतकेंच कीं आपल्यासारख्यानें माझ्यांत कांहीं तरी आहे असें म्हणावें. मी अर्धपोटीं आहें आणि डोकें शाबूत ठेवण्यास अन्न लागतें. ह्या पत्रापत्रीचें फळ म्हणून मद्रास विद्यापीठानें त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली.

केंब्रिजला येण्याचें बोलावणें मात्र त्यानें आधीं नाकारलें. समुद्रोल्लंघन म्हणजे जातीबाहेर पडणें. १९१४ च्या आरंभीं नेव्हिल नांवाचे तरुण अध्यापक मद्रासेंत व्याख्यानें देण्यास आले, त्यांच्याशीं बोलणें झालें आणि होकार मिळाला. आईला नामक्कलच्या नामगिरी देवीचा स्वप्नांत दृष्टान्त झाला व तिनें अनुज्ञा दिली, असें घरचे लोक सांगत. तरीहि निघण्यापूर्वीं त्यानें आई व बायको ह्यांना कुंभकोणमला पाठवून दिलें, कीं कापलेली शेंडी आणि अंगावरचा साहेबी पोशाख त्यांच्या दृष्टीस पडूं नये. १७ मार्च १९१४ रोजीं 'नेवासा' बोटीनें तो निघाला. जो मुलगा आपलें रूप आईपासून लपवितो, त्याच्या मनांत टोंचणी नव्हती असें कोण म्हणेल?

केंब्रिजला आल्यावर गुरूपुढें जो पेंच पडला तोच आजच्या भाषणाचा गाभा आहे. ह्या शिष्याला विलक्षण गोष्टी ठाऊक होत्या आणि कॉलेजांतल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ठाऊक असणाऱ्या कांहीं गोष्टी मुळींच ठाऊक नव्हत्या. सिद्धता म्हणजे काय, ह्याची कल्पनाच त्याच्या मनांत धूसर होती. कांहीं आंकड्यांचा पुरावा, कांहीं तर्क आणि कांहीं आंतला कौल, एवढें जुळलें कीं त्याचें समाधान होई. अशाला शिकवावें काय? न शिकवावें तर तो चुकेल; आणि तो चुकलाहि होता. एखाद्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती येतात ह्याविषयींचें त्याचें सूत्र डौलदार होतें, पण खरें नव्हतें. लहान आंकड्यांना तें सुंदर जुळे, आणि दूरवर जाऊन घात करी. लिटलवुडनीं त्याच सुमारास दाखवून दिलें होतें कीं, ह्या प्रांतांत कोटी-अब्जांपर्यंत दिसणारी गोष्टहि पुढें कोठें तरी उलटते. म्हणजे आंतला कौल येथें साफ फसला होता. दुसरा एखादा गुरु असता तर त्यानें म्हटलें असतें, "पाहिलेंस? आतां पहिल्या धड्यापासून आरंभ कर."

हार्डींनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं मागाहून स्पष्ट लिहिलें आहे कीं, त्याला जाच वाटणाऱ्या गोष्टींचा फार आग्रह धरला तर त्याचा आत्मविश्वास जाईल आणि स्फूर्तीचा झराच आटेल, अशी त्यांना भीति वाटे. म्हणून जें अगदीं अटळ तेवढेंच शिकवावयाचें, तेंहि बोलतां बोलतां. बाकी त्याला त्याच्या वाटेनें जाऊं द्यावयाचें. लिटलवुड शिकवूं लागले तर त्यांची निराळीच पंचाईत होई. एखादी गोष्ट सांगावी, तर तिच्यावरून ह्याला नव्या कल्पनांचा असा लोंढा सुचे कीं मूळ धडा तेथेंच राही. प्रशांतचंद्र महालनोबीस त्या वेळीं केंब्रिजला होते. त्यांनीं एकदां मासिकांतलें घरांच्या क्रमांकांचें एक कोडें वाचून दाखविलें. रामानुजन चुलीवर भाजी परतीत होता. परततां परततांच त्यानें एक अखंड चालणारा अपूर्णांक सांगितला, ज्यांत त्या कोड्याचीं सगळींच उत्तरें भरलेलीं होतीं. कसें सुचलें म्हणून विचारतां तो म्हणाला कीं, उत्तर अपूर्णांकाच्या ह्या जातीचें असणार हें ऐकतांक्षणींच कळलें. मग कोणता अपूर्णांक, असें मनाला विचारलें, आणि तो आला. श्रोतेहो, "गुरुजी, दिसलं" ह्याहून हें उत्तर फार निराळें नाहीं.

गुरुशिष्यांच्या ह्या कराराची खरी कसोटी लागली ती संख्यांच्या विभाजनांत. चार ही संख्या पांच प्रकारांनीं फोडतां येते : चार, तीन व एक, दोन व दोन, दोन, एक व एक, आणि चार एकें. हें पोरखेळासारखें दिसतें. पण शंभरासाठीं हे प्रकार १९ कोटी ५ लक्ष ६९ हजार २९२ होतात, आणि दोनशेंसाठीं ३९ खर्वांच्या पलीकडे जातात. ही संख्या न मोजतां सूत्रानें सांगतां येईल काय? तर्क म्हणत होता कीं फार तर अंदाज मिळेल. रामानुजन हट्ट धरून बसला कीं नाहीं, चूक जवळजवळ शून्यावर येईल असें सूत्र असलेंच पाहिजे. त्या हट्टावर विश्वास ठेवून हार्डींनीं आपलें सारें तर्कशास्त्र त्याच्या पाठीशीं उभें केलें. मेजर मॅकमॅहन ह्यांनीं दोनशेंसाठींचा आंकडा हातानें मोजला होता : ३९७२९९९०२९३८८. सूत्राच्या आठ पदांची बेरीज केली, तों ह्याच आंकड्यापुढें दशांशांत फक्त ०.००४ इतकें जास्त आलें. हा निबंध १९१८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतली पद्धति पुढें गणितशास्त्राचें एक मोठें हत्यार होऊन बसली.

येथें गुरूच्या उण्याचाहि उल्लेख केला पाहिजे. १९३७ सालीं राडेमाखर ह्यांनीं ह्याच प्रश्नाचें संपूर्ण बिनचूक सूत्र काढलें. रामानुजनच्या शताब्दीनिमित्त १९८८ च्या जानेवारींत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत परिषद भरली, तेव्हां सेल्बर्ग नांवाचे नामवंत गणिती म्हणाले कीं, त्या बिनचूक सूत्राचें बीज रामानुजननें १९१३ च्या पहिल्या पत्रांतच दिलें होतें. हार्डींनीं शिष्याच्या अंतःस्फूर्तीवर पुरता विश्वास टाकला असता तर तें त्यांच्याच हातीं लागतें. म्हणजे एवढ्या उदार गुरूचाहि विश्वास काठापर्यंत येऊन थांबला! मला मात्र ह्यांत हार्डींचा दोष दिसत नाहीं. मूळ संख्यांच्या सूत्रानें एकदां पोळलेला माणूस दुसऱ्या वेळीं ताक फुंकून प्याला, इतकेंच.

अंकांच्या बाबतींत रामानुजन आंतल्या आवाजावर निःशंक विसंबे. पण त्याच अंतःकरणांत दुसरा एक आवाज होता, आणि तो त्याला दोषी ठरवी. सोंवळें जमेल तितकें तो पाळी; स्वयंपाक स्वतः करी; युद्धामुळें भाजीपाला मिळेना, तरी नियम सोडीना. एकदां एका घरीं त्याला ओव्हल्टीन देण्यांत आलें. मागाहून डब्यावर वाचलें तों त्यांत अंड्याची पूड! तो सामान आवरून तडक निघाला. लंडनच्या स्टेशनापाशीं पोंचला तों जर्मनांचा बाँबवर्षाव सुरू झाला, आणि ही आपल्याच पापाची शिक्षा असें त्यानें मनाशीं धरलें, अशी हकीकत आहे. दुसऱ्या प्रसंगीं त्यानें मित्राला जेवावयास बोलाविलें होतें. पाहुण्या बाईंनीं तिसऱ्यांदा सार घेण्यास नकार देतांच हा उठून गेला तो चार दिवसांनीं ऑक्सफर्डहून तारेनें प्रकटला. इकडे घरीं सासूसुनेंचें पटत नव्हतें आणि पत्रें पोंचत नव्हतीं. १९१७ च्या वसंतांत तो आजारी पडला आणि एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत फिरूं लागला.

१९१८ च्या आरंभीं लंडनच्या भुयारी रेल्वेंत त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. गाडी थोडक्यांत थांबली, तो बचावला, आणि पोलिसांनीं त्याला ताब्यांत घेतलें. हार्डी धांवत गेले व त्यांनीं अधिकाऱ्यांना बजावलें कीं, हा रॉयल सोसायटीचा सभासद आहे, ह्याला तुम्हांला अटक करतां येणार नाहीं. ही हकीकत हार्डींनींच पुढें चंद्रशेखर ह्यांना सांगितली. सिद्ध न झालेलें अक्षर न लिहिणाऱ्या हार्डींचें तें विधान त्या दिवशीं खरें नव्हतें. त्याचें नांव फक्त सुचविलेलें होतें. मे महिन्यांत निवड झाली आणि विधान खरें झालें. ऑक्टोबरांत ट्रिनिटीची फेलोशिप मिळाली : सालीना २५० पौंड, सहा वर्षें, कामाची अट नाहीं. हे मान मिळावेत म्हणून हार्डी जिवापाड झटले, ते केवळ कीर्तीसाठीं नव्हे. खचलेल्या माणसाला त्याची स्वतःची किंमत परत पटवून देण्याचा दुसरा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. आणि तो लागू पडला. रोगी पुन्हां गणित करूं लागला.

पण मनांतली टोंचणी कोणत्या जातीची होती तें त्याच्या ११ जानेवारी १९१९ च्या पत्रावरून कळतें. मद्रास विद्यापीठानें त्याला सालीना २५० पौंड देऊं केले. उत्तरीं त्यानें लिहिलें कीं, प्रकृतीमुळें दोन वर्षें मजकडून पूर्वीइतकें काम झालें नाहीं ह्याचें मला वाईट वाटतें. ही रक्कम माझ्या गरजेहून अधिक आहे. आईबापांना ५० पौंड द्यावे, माझा खर्च भागावा, आणि जें उरेल तें गरीब व पोरक्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावें. ज्याच्या फीची अडचण एके काळीं कोणी दूर केली नाहीं, त्याचें हें पत्र आहे.

मग मुंबईचा धक्का, मद्रास, शेवटीं चेटपटचें घर. जानकी आतां जवळ होती. रामेश्वरास जाऊन समुद्रोल्लंघनाचें प्रायश्चित्त घ्यावें असा घरच्यांचा बेत होता, पण प्रकृतीमुळें जाणें घडलें नाहीं. आणि १२ जानेवारी १९२० रोजीं, म्हणजे हार्डींना पहिलें पत्र लिहिल्यास सात वर्षें पुरीं होतांना, त्यानें त्यांना शेवटचें पत्र लिहिलें. त्यांत एका नव्याच जातीच्या फलनांचीं उदाहरणें होतीं. त्यांची नेमकी व्याख्या नव्हती, सिद्धता नव्हत्या. पहिल्या पत्राचा लिहिणारा आपली रीत सांगावयास भीत होता. ह्या पत्राच्या लिहिणाराला ती भीति उरलेली दिसत नाहीं. आपल्याला जें दिसलें तें तो सरळ सांगून मोकळा झाला.

२६ एप्रिल १९२० रोजीं वयाच्या ३२ व्या वर्षीं तो वारला. समुद्र ओलांडलेला व प्रायश्चित्त न घेतलेला म्हणून पुष्कळसे सोंवळे नातलग अंत्यसंस्काराला आले नाहींत. आजाराच्या अखेरच्या दिवसांपर्यंत तो गणितें मांडीत होता, असें जानकीअम्मा पुढें सांगत. त्या १९९४ पर्यंत हयात होत्या. त्याच्या वह्यांचीं छायाचित्रें टाटा संस्थेनें मुंबईंत १९५७ सालीं छापून काढलीं. शेवटच्या वर्षाचे कागद केंब्रिजच्या ग्रंथालयांत पडून होते, ते अँड्र्यूज ह्यांना १९७६ सालीं सांपडले. बर्न्ट ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं वह्यांतील तीन हजारांहून अधिक विधानें एकेक करून तपासलीं. खोटीं निघालीं तीं फारच थोडीं. आणि चेटपटच्या अंथरुणावरून लिहिलेल्या त्या पत्रांतील फलनें वास्तविक काय आहेत, ह्याचा उलगडा २००२ सालीं झ्वेगर्स नांवाच्या एका डच विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत केला. मधें ८२ वर्षें गेलीं होतीं.